बेंगळूरुच्या थाळीतले जास्तीचे पन्नास रुपये कोठे जातात

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतून दरवर्षी कितीतरी मुले-मुली शिक्षण संपवून बेंगळूरुला किंवा पुण्याला नोकरीसाठी जातात, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांतच घरी एक प्रश्न निघतो. खोलीचे भाडे आई-वडिलांना समजते, बस-मेट्रोचा खर्च समजतो, पण नुसत्या दुपारच्या जेवणावर चार-पाच हजार रुपये कसे जातात, हे काही केल्या समजत नाही. हा प्रश्न अगदी रास्त आहे. तांदूळ तोच, तूरडाळ तीच, गोडेतेल त्याच कंपन्यांचे. नंदिनी दुधाचा दर १ एप्रिल २०२५ पासून लिटरमागे ४ रुपयांनी वाढला तेव्हा तो बेळगावातही वाढला आणि बेंगळूरुतही. मग जी थाळी बेळगावच्या टिळकवाडीत किंवा शहापुरात शंभर-सव्वाशेत मिळते, तीच बेंगळूरुत दीडशेच्या पुढे का जाते? मुलगा उधळपट्टी करतो, किंवा हॉटेलवाला लुटतो, ही दोन उत्तरे पटकन सुचतात आणि बहुतेक वेळा दोन्ही चुकीची असतात. खरे उत्तर थाळीच्या हिशेबात आहे, म्हणून तो हिशेब येथे सविस्तर मांडतो.

आधी घरच्या ताटापासून सुरुवात करू. क्रिसिल ही संस्था दर महिन्याला घरी शिजवलेल्या थाळीचा सरासरी खर्च काढते. पोळी, भात, डाळ, कांदा-बटाटा-टोमॅटोची भाजी, दही आणि कोशिंबीर अशा शाकाहारी थाळीचा तिने काढलेला खर्च २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत साधारण २६ ते ३४ रुपयांच्या दरम्यान राहिला; टोमॅटो-कांदा महागला की वर गेला, नवे पीक आले की खाली आला. केंद्र सरकारच्या २०१९-२० च्या आर्थिक पाहणी अहवालातही थाळीवर एक स्वतंत्र प्रकरण होते. सर्वसाधारण औद्योगिक कामगाराच्या कमाईच्या तुलनेत शाकाहारी थाळी २००६-०७ पासून २०१९-२० पर्यंत २९ टक्क्यांनी अधिक परवडणारी झाली, असा निष्कर्ष त्यात काढला होता. म्हणजे ताटातले अन्न माणसाच्या कमाईच्या मानाने स्वस्त होत गेले, आणि त्याच काळात बाहेरचे जेवण मात्र महागल्याची तक्रार वाढत गेली. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण तशा त्या नाहीत. वरच्या दोन्ही मोजमापांत जेवणाऱ्याची खुर्ची, वाढणाऱ्याचा पगार आणि चार भिंतींचे भाडे धरलेले नाही, आणि शहरात महाग होतात त्या नेमक्या याच गोष्टी.

आता एक हॉटेल डोळ्यांसमोर आणू. पुढचे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येक हॉटेलचे आकडे वेगळे असतील, पण हिशेबाची रीत सगळीकडे हीच असते. समजा, बेंगळूरुत बेळ्ळंदूर किंवा मारतहळ्ळीच्या बाजूला चाळीस माणसे बसतील एवढी जागा आहे. करासह भाडे महिन्याला दीड लाख रुपये, कामगार सात, दुपारी रोज दीडशे थाळ्या जातात आणि महिन्याला सव्वीस दिवस हॉटेल चालते. महिन्याच्या थाळ्या झाल्या ३,९००. दीड लाख भाडे या थाळ्यांवर वाटले की एका थाळीवर सुमारे ३८ रुपये पडतात. बेंगळूरुत दहा महिन्यांचे भाडे अनामत म्हणून ठेवून घेण्याची रीत जुनी आहे. म्हणजे मालकाचे पंधरा लाख रुपये अडकले. ते बारा टक्के व्याजाने काढले असतील तर महिन्याला पंधरा हजार रुपये व्याज, थाळीमागे जवळपास ४ रुपये. सात कामगारांचा पगार, राहणे आणि जेवण मिळून सरासरी वीस हजार धरले तर एक लाख चाळीस हजार, थाळीमागे ३६ रुपये. गॅसचे ११, वीज, पाणी, साफसफाई, फुटलेली भांडी, उरलेले अन्न यांचे १२, आणि शिधा-भाजीपाल्याचे ४५ रुपये. बेरीज १४६ होते. त्यावर मालकाला चौदा रुपये सुटायचे असतील तर थाळी १६० रुपयांना विकावी लागते, आणि पाच टक्के जीएसटी धरून गिऱ्हाइकाच्या बिलावर १६८ रुपये येतात.

हेच हॉटेल बेळगावात, समजा कॉलेज रोडच्या एखाद्या गल्लीत, तीस हजार भाड्याच्या जागेत आणून ठेवू. थाळ्या तेवढ्याच, शिधा तेवढ्याच रुपयांचा, गॅस तेवढाच. भाड्याचे थाळीमागे ८ रुपये, अनामतीच्या व्याजाचा १ रुपया, तेरा हजारांच्या सरासरी पगाराने कामगारांचे २३ आणि इतर किरकोळ ८. बेरीज ९६, आणि मालकाचे तेच चौदा रुपये धरून थाळी ११० रुपयांना. दोन्ही शहरांतील फरक पन्नास रुपयांचा निघाला. त्यातले तेहतीस रुपये जागेचे आहेत, तेरा रुपये पगाराचे आणि चार इतर खर्चाचे. तांदूळ, डाळ, भाजी आणि तेल यांचा या पन्नास रुपयांत एक पैसाही नाही, आणि मालकाचा नफाही दोन्हीकडे सारखाच आहे.

हॉटेल व्यवसायातले लोक एक ठोकताळा सांगतात की विक्रीच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असावा. बेळगावच्या उदाहरणात तो एक्केचाळीस टक्के आहे, बेंगळूरुच्या उदाहरणात अठ्ठावीस. शहर जितके मोठे, जागा जितकी मोक्याची, तितके ताटातल्या अन्नाचे प्रमाण बिलात कमी होत जाते. बेंगळूरुत दुपारी जेवायला बसलेला माणूस वीस-पंचवीस मिनिटांसाठी एक खुर्ची भाड्याने घेत असतो, असे म्हटले तर ते हिशेबाने खरे ठरते.

या हिशेबात सर्वांत नाजूक आकडा भाड्याचा नाही, थाळ्यांच्या संख्येचा आहे. रोजच्या दीडशेऐवजी शंभरच थाळ्या गेल्या तर काय होते ते पाहा. भाडे आणि पगार काही कमी होत नाहीत. भाड्याचे ३८ रुपये ५८ होतात, पगाराचे ३६ रुपये ५४ होतात. या दोन खात्यांतच थाळीमागे अडतीस रुपये वाढले आणि मालकाचे चौदा रुपये केव्हाच संपून तोटा सुरू झाला. आयटी कंपन्यांच्या आसपासच्या हॉटेलांना घरून काम करण्याच्या पद्धतीचा फटका बसला तो असा. सोमवारी आणि शुक्रवारी निम्मी माणसे कार्यालयात येत नसतील, तर त्या दोन दिवसांच्या रिकाम्या खुर्च्यांचे भाडे मंगळवार ते गुरुवार जेवणाऱ्यांकडूनच वसूल होते.

उलट, त्याच जागेतून जास्त माणसे जेवून गेली तर थाळी स्वस्त होते, आणि हे बेंगळूरुने फार पूर्वी ओळखले. १९८३ साली जयनगरमध्ये ‘कॅफे दर्शिनी’ सुरू झाले आणि उभ्याने खाण्याची पद्धत शहरभर पसरली. खुर्च्या नाहीत, वाढपी नाहीत. पैसे देऊन चिठ्ठी घ्यायची, ती खिडकीवर द्यायची, उंच टेबलाशी उभे राहून खायचे आणि ताट स्वतः ठेवून निघायचे. आमच्याकडून गेलेल्या माणसांना सुरुवातीला हे परके वाटते. जेवण म्हणजे मांडी घालून नाही तरी निदान बसून, वाढणाऱ्याने दोनदा विचारून वाढलेले, अशी आपली सवय असते. पण हिशेब पाहिला तर त्या उभे राहण्याची किंमत कळते. त्याच दीड लाखाच्या जागेत चाळीस खुर्च्यांऐवजी उभी टेबले मांडली आणि दिवसाला चारशे माणसे खाऊन गेली, तर भाड्याचा भार ३८ रुपयांवरून साडेचौदा रुपयांच्या खाली येतो. दर्शिनीतले स्वस्त जेवण हलक्या मालामुळे स्वस्त असते हा समज म्हणून टाकून द्यावा. पुष्कळ ठिकाणी उलट स्थिती असते. माल भराभर खपतो म्हणून ताजाही असतो.

आता पगाराकडे वळू. बेंगळूरुचा आचारी बेळगावच्या आचाऱ्यापेक्षा तासाला जास्त पोळ्या लाटतो असे नाही, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा आचारी जेवढ्या लाटत होता त्यापेक्षा आजचाही फार जास्त लाटत नाही. तरी त्याला जास्त पगार द्यावा लागतो, कारण त्याला त्याच शहरात राहायचे असते आणि तो सुरक्षारक्षकाचे, गोदामातले किंवा डिलिव्हरीचे काम धरून निघून जाऊ शकतो. संगणक आणि यंत्रे यांमुळे ज्या व्यवसायांत एका माणसाचे उत्पादन अनेक पटींनी वाढले, त्यांनी शहरातील पगाराची पातळी वर नेली, आणि ज्या कामांत उत्पादन वाढूच शकत नाही त्या कामांनाही ती पातळी गाठावी लागली. केस कापणे, शिकवणी घेणे, रुग्णाची सेवा करणे आणि स्वयंपाक करून वाढणे ही सगळी अशीच कामे. विल्यम बॉमोल या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकात ही गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली. माझ्या मते या महागाईचा हा भाग आपण तक्रार न करता द्यावा असा आहे, कारण तो वाढणाऱ्या माणसाच्या घरी जातो. बेंगळूरुच्या कितीतरी हॉटेलांत भांडी घासणारी आणि वाढणारी मुले याच उत्तर कर्नाटकातल्या गावांतून गेलेली असतात.

गॅसबद्दल थोडक्यात. घरचा सिलिंडर १४.२ किलोचा, हॉटेलचा १९ किलोचा, आणि दोघांचे दर वेगवेगळ्या रीतीने ठरतात. घरगुती गॅसचा दर सरकार बरेचदा रोखून धरते, त्यावर जीएसटी पाच टक्के आहे. व्यावसायिक सिलिंडरचा दर तेल कंपन्या साधारणपणे दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बदलतात आणि त्यावर जीएसटी अठरा टक्के आहे. म्हणून घरातला गॅस महागलेला नसतानाही खानावळीचा दर वाढू शकतो.

कराचा भाग मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण त्यात सर्वाधिक गैरसमज आहेत. साध्या उपाहारगृहाच्या बिलावर १५ नोव्हेंबर २०१७ पासून पाच टक्के जीएसटी आहे; त्याआधीचे साडेचार महिने तो वातानुकूलित हॉटेलांत अठरा आणि इतरांत बारा टक्के होता. दर खाली आला, पण त्याबरोबर हॉटेलांची एक सवलत गेली. हॉटेलने दुकानाच्या भाड्यावर अठरा टक्के आणि गॅसवर अठरा टक्के जो कर भरलेला असतो, तो गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या करातून आता वजा करता येत नाही. त्यामुळे तो थाळीच्या किमतीतच मुरतो. बिलाच्या तळाशी पाच टक्के दिसतात, पण आमच्या उदाहरणात १६० रुपयांच्या आत आणखी सात-आठ रुपयांचा कर बसलेला आहे, जो कोठेच छापलेला नसतो.

छोट्या खानावळींची गोष्ट निराळी. ज्यांची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत आहे त्यांना साधारणपणे नोंदणीची गरज नाही. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेली उपाहारगृहे एकरकमी पद्धत निवडू शकतात; तीत मालक आपल्या उलाढालीवर पाच टक्के कर स्वतः भरतो, पण गिऱ्हाइकाकडून तो वेगळा घेण्याचा त्याला अधिकार नाही. अशा हॉटेलच्या बिलावर तसे लिहिलेले असणे बंधनकारक आहे. तरीही कोणी थाळीच्या दरावर जीएसटी लावत असेल तर ते बेकायदा आहे.

बिलावरची सेवाशुल्काची ओळ हा कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून हॉटेलांना सेवाशुल्क आपोआप बिलात जोडण्यास मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी त्या सूचना उचलून धरल्या. ते देणे गिऱ्हाइकाच्या मर्जीवर आहे; हॉटेल ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पाण्याच्या बाटलीबाबत मात्र उलट आहे. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले म्हणून बसून जेवण्याच्या हॉटेलशी भांडण करून उपयोग नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांना तशी मुभा दिली आहे. साधे पाणी मागावे, हे उत्तम.

आता तेच जेवण मोबाइलवरून मागवले तर काय होते? अ‍ॅप चालवणाऱ्या कंपन्या हॉटेलकडून साधारण पंधरा ते तीस टक्के कमिशन घेतात. ते भरून काढण्यासाठी पुष्कळ हॉटेले अ‍ॅपवर दर वाढवून लावतात. समजा, १६० ची थाळी तेथे १९० ला आहे. पॅकिंगचे पंधरा मिळून २०५, त्यावर पाच टक्के कर म्हणजे सव्वादहा रुपये. पोहोचवण्याचे तीस आणि प्लॅटफॉर्म शुल्काचे बारा, त्यावर अठरा टक्के कर साडेसात रुपयांच्या आसपास. एकूण २६५ रुपये. हे प्लॅटफॉर्म शुल्क २०२३ साली अवघ्या दोन रुपयांनी सुरू झाले होते आणि २०२५ पर्यंत दहाच्या पुढे गेले. रक्कम किरकोळ असल्याने त्याकडे कोणी लक्ष देत नाही, हे मला काळजीचे वाटते. महिन्याच्या बावीस कामाच्या दिवसांत हॉटेलात जाऊन जेवणारा ३,६९६ रुपये खर्च करतो आणि मागवून जेवणारा ५,८३०. पंचवीस हजार पगाराच्या मुलासाठी हा एक हप्ता भरण्याएवढा फरक आहे. घरून पैसे मागवण्याची वेळ येते ती बहुधा या फरकामुळे.

हा काही एका-दोघांचा अनुभव नाही. २०२३-२४ च्या राष्ट्रीय घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा ३९.६८ टक्के आहे, आणि त्या अन्नखर्चातही धान्य, दूध, भाजी या कशाहीपेक्षा मोठा गट निघाला तो पेये, प्रक्रिया केलेले आणि तयार खाद्यपदार्थ यांचा: एकूण खर्चाच्या ११.०९ टक्के. खेड्यांतही हाच गट ९.८४ टक्क्यांवर पोहोचला आहे. पूर्वी घरात होणारा स्वयंपाक आता बाजारातून विकत घेतला जातो, तेव्हा त्याबरोबर जागा आणि मजुरीही विकत घ्यावी लागते.

दहा रुपयांच्या जेवणाबद्दलही विचारले जाते. सीमेवर राहिल्याने आपण दोन्ही राज्यांच्या योजना जवळून पाहतो. कर्नाटकात ऑगस्ट २०१७ मध्ये बेंगळूरुत इंदिरा कॅन्टीन सुरू झाले: नाष्टा पाच रुपये, जेवण दहा रुपये, पुढे ते बेळगावातही आले. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी दहा रुपयांना मिळू लागली, त्यामुळे निपाणीचा माणूस कामासाठी कोल्हापूरला गेला तर त्याला तीही ठाऊक असते. शिवभोजनाचा हिशेब सरकारने उघड मांडला होता. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात एवढ्या थाळीसाठी शहरात पन्नास रुपये धरले; दहा जेवणाऱ्याचे, चाळीस सरकारचे. म्हणजे नफ्याला फारसा वाव न ठेवता, मोजून वाढलेली थाळीही २०२० साली शहरात सरकारला पन्नासच्या खाली जमली नव्हती. या योजनांतला खर्च नाहीसा झालेला नसतो, तो दुसऱ्या खिशातून जातो. हमालाला, बांधकाम मजुराला आणि दवाखान्यात आलेल्या नातेवाइकाला पोटभर जेवण मिळते, यासाठी तो तसा जावा असेच मला वाटते.

रोजच्या नोकरदाराला खरा दिलासा मिळतो तो आपल्या ओळखीच्या महिनेवारी मेसमधून, आणि तिचे अर्थशास्त्र फार सुंदर आहे. टिळकवाडीतल्या कॉलेजांच्या आसपासच्या एखाद्या मेसमध्ये सकाळी साडेदहाला डोकावले तर दिसते की मावशींनी कणीक किती मळायची ते आधीच ठरवलेले असते. भिंतीवरच्या खिळ्याला महिन्याची कार्डे अडकवलेली असतात, शनिवारी गावी जाणाऱ्या मुलांनी आदल्या दिवशी सांगून ठेवलेले असते, आणि त्या आकड्यावरून भाताचे पातेले लहान की मोठे चढवायचे ते ठरते. अन्न वाया जात नाही, खुर्ची रिकामी राहत नाही आणि पैसे महिन्याच्या सुरुवातीला हातात येतात, त्यामुळे किराणावाल्याकडे उधारीही लागत नाही. हॉटेलच्या थाळीत गिऱ्हाईक येईल की नाही या अनिश्चिततेचे जे पैसे धरावे लागतात, ते येथे धरावे लागत नाहीत. बेंगळूरुतही उत्तर कर्नाटकातल्या लोकांनी चालवलेल्या खानावळी आहेत. ज्वारीची भाकरी, एण्णेगाई (भरली वांगी), शेंगाचटणी आणि ताक तेथे मिळते. महिन्याचे कार्ड काढता येते का, हे तेथे जरूर विचारावे.

पीजीमध्ये, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. बहुतेक पीजींच्या भाड्यात नाष्टा आणि रात्रीचे जेवण असते, दुपारचे नसते. काही ठिकाणी मात्र सकाळी डबा भरून न्यायची सोय असते, आणि ती असलेली पीजी हजार-दीड हजारांनी महाग असली तरी वर्षाच्या हिशेबात स्वस्त पडते. तसेच नोकरीचे पत्र हाती आल्यावर कॅन्टीनची चौकशी करावी. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्याला कॅन्टीन सक्तीचे करता येत असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा शंभर कामगारांवर आणली आहे. कंपनीच्या कॅन्टीनला जागेचे भाडे सहसा द्यावे लागत नाही, त्यामुळे तेथील जेवण साठ-सत्तर रुपयांत देणे शक्य होते. दोन नोकऱ्यांच्या पगारात महिना दोन हजारांचा फरक असेल आणि कमी पगाराच्या ठिकाणी असे कॅन्टीन असेल, तर १६८ वजा ६५ गुणिले बावीस असा गुणाकार करून पाहावा: २,२६६ रुपये येतात.